लहान मुलाला घेऊन गोव्यातून परदेशी जाताना: जन्मदाखल्यापासून जेट लॅगपर्यंत

पाळण्यातलं बाळ असलं तरी परदेशी निघालं की ते पूर्ण प्रवासी असतं. त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो, स्वतःचा व्हिसा, स्वतःचं तिकीट, स्वतःचा इन्शुरन्स, आणि त्याच्या झोपेचं नि भुकेचं घड्याळ पण त्याचं स्वतःचं असतं. एवढी एक गोष्ट धरून ठेवली की पुढे काय काय करायचं ते बरंचसं आपलं आपल्यालाच सुचत जातं. आमच्या गोव्यात घराघरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे, कोणाचा नवरा मस्कतला, कोणाची बहीण लंडनला, कोणाचा भाऊ शिपवर, त्यामुळे "बाळाला घेऊन एकदा येऊन जा गो" असा फोन आला की लगेच बॅगा भरायला घ्याव्यात असं वाटतं. पण पासपोर्ट काढायचा असेल तर निदान तीन महिने हातात ठेवा, पासपोर्ट असेल आणि फक्त व्हिसाच बाकी असेल तर दोन महिने. खाली मी ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने लिहितेय.

सुरुवात जन्मदाखल्यापासून

पासपोर्टच्या फॉर्मला हात लावायच्या आधी जन्मदाखला काढून टेबलावर ठेवा आणि एकेक अक्षर वाचा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तोवर पुष्कळ घरांत बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाची जागा कोरी राहते आणि मग ती तशीच राहून जाते. नाव घालायला जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिने काही फी लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. पंचायत किंवा नगरपालिका, जिथे नोंद झाली असेल तिथे जाऊन हे आधी उरकून घ्या.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, आधार वगैरे चालत नाही. म्हणजे दाखल्यात जे स्पेलिंग असेल तेच पुढे पासपोर्टवर, व्हिसावर, तिकिटावर सगळीकडे जाणार. सगळ्यात जास्त घोळ आईच्या नावाचा होतो. दाखल्यावर सासरचं नाव, आईच्या पासपोर्टवर माहेरचं, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. कुठलं नाव ठेवायचं ते ठरवा आणि बाळाचा फॉर्म भरायच्या आधी कागद एकसारखे करून घ्या, नंतर दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

पासपोर्ट

ऑनलाइन फॉर्म भरायचा, फी भरायची, पणजीच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायची. अल्पवयीन मुलांसाठी साधी फी १००० रुपये आहे, ८ वर्षांखालच्या मुलांना नवीन पासपोर्टवर १० टक्के सूट मिळते, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. आई-बाबा दोघांच्या सहीचं संमतीचं घोषणापत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर डी लागतं. आई-बाबांचे पासपोर्ट चालू असतील, त्यावर नवरा-बायकोचं नाव चढलेलं असेल, तर मुलासाठी सहसा पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही आणि काम पटकन होतं. म्हणून आपल्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव नसेल तर ते आधी करून घेतलेलं बरं.

चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण घेऊन जायचा असतो. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढतात, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कोणाचा हात फ्रेममध्ये नको. आणि त्या दिवशी काजळ, गालावरची तीट, कपाळावरची टिकली, डोक्यावरचं टोपडं सगळं काढा, आजी कितीही रागावली तरी. तो फोटो पाच वर्षं चालवायचा आहे, मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. तो संपायच्या सहा महिने आधीच निकामी झाला असं समजा, कारण बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने वैधता मागतात. एका वर्षाच्या बाळाचा फोटो आणि समोर उभा साडेचार वर्षांचा मुलगा यात काही साम्य दिसत नाही, तेव्हा जन्मदाखल्याची कॉपी कायम पासपोर्टबरोबर ठेवा.

बाबा शिपवर असेल तर

हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे हा प्रश्न खूप घरांत आहे. नवरा सहा-आठ महिने जहाजावर, आणि इकडे पासपोर्ट किंवा व्हिसासाठी दोघांच्या सह्या हव्या. तो घरी असतानाच तीन कामं करून ठेवा. पहिलं, मुलाचा पासपोर्ट काढून टाका, जायचा प्लॅन असो वा नसो. दुसरं, एक संमतीपत्र नोटरी करून ठेवा: मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, कोणाबरोबर जाणार, कुठल्या देशात, साधारण कुठल्या काळात, तिथला पत्ता, बाबाचा फोन आणि ईमेल, आणि खाली बाबाची पासपोर्टवर आहे तशीच सही. तिसरं, त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या नि शेवटच्या पानाची सही केलेली कॉपी. पासपोर्टच्या वेळीच तो बाहेर असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून अटेस्ट केलेलं अ‍ॅफिडेव्हिट आणता येतं, पण भर समुद्रातल्या माणसाला ते जमणं कठीण.

एकट्या आईने किंवा एकट्या बाबाने मूल नेताना हे पत्र कोणी मागेलच असं नाही, पण कॅनडासारखे देश असं पत्र जवळ ठेवा म्हणून स्पष्ट सांगतात, आणि काही देशांत इमिग्रेशनचा माणूस खरंच विचारतो, बाबा कुठे आहे, त्याला माहीत आहे का. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जास्तच. आजी-आजोबा किंवा मावशी नेणार असेल तर दोन्ही पालकांचं पत्र हवं. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाच्या कस्टडीच्या ऑर्डरची कॉपी, आणि एकच पालक हयात असेल तर मृत्यूचा दाखला. हे सगळं हँडबॅगेत एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवायचं, चेक-इन बॅगेत टाकलं तर इमिग्रेशनच्या काउंटरवर त्याचा काही उपयोग नाही.

आणखी एक गोव्याचीच गोष्ट. आई-बाबांपैकी कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असेल आणि मुलाचाही घ्यायचा विचार असेल, तर मुलाचा भारतीय पासपोर्ट मग वापरता येत नाही, भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. मुलाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल तर वय २० होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत पासपोर्टची कॉपी आणि नवा फोटो ओसीआयच्या वेबसाइटवर अपलोड करायचा असतो. मुलांचे पासपोर्ट पटापट बदलतात, त्यामुळे हे नेमकं राहून जातं.

व्हिसा

देशागणिक वेगळं, त्यामुळे त्या देशाच्या अधिकृत वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीवर जाऊ नका. तरी थोडं सांगते. युरोपच्या शेंगेन व्हिसाची (एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) फी ६ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, ६ ते १२ पर्यंत ४५ युरो, मोठ्यांना ९०. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी द्यायलाच हवा, पण मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, तेव्हा फेब्रुवारीत कामाला लागा. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा हवा, आणि तो बाळाच्या नावाने वेगळा. इन्शुरन्स घेताना किती वयापासून घेतात ते बघा, काही पॉलिसी अगदी तान्ह्या बाळाला घेत नाहीत. पणजीत व्हीएफएसचं, म्हणजे दूतावासांसाठी व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचं सेंटर आहे, तुमच्या देशाचं काम तिथे होतं की मुंबईला जावं लागतं ते आधी तपासा, कारण तान्हं बाळ घेऊन फक्त कागद द्यायला मुंबईला जाणं म्हणजे एक वेगळाच प्रवास.

व्हिसा लागो वा न लागो, काही देशांत आता ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. थायलंडने १ मे २०२५ पासून ते डिजिटल केलं, सिंगापूर आणि मलेशियाचंही पोहोचायच्या तीन दिवसांच्या आत भरायचं असतं. तिथेही बाळ वेगळा प्रवासी, त्याचं कार्ड वेगळं भरा.

तिकीट, आणि कुठला विमानतळ

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं उडतात आणि काही आंतरराष्ट्रीय कंपन्या दाबोळी सोडून तिकडे गेल्या. काणकोणचा माणूस दाबोळी समजून निघाला आणि विमान मोपाला असलं तर संपलंच. मडगावहून मोपा म्हणजे झुआरी, पणजी, मांडवी, पर्वरी, म्हापसा, धारगळ असा सगळा गोवा ओलांडून पेडण्यात जायचं, त्यात पर्वरीला अडकला की अडकला. मूल बरोबर असेल तर दक्षिण गोव्यातून दोन-अडीच तास फक्त रस्त्याला धरा, आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचं ते वेगळं. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवा, पहाटेच्या विमानाला आयत्या वेळी शोधत बसू नका.

मुंबईहून आंतरराष्ट्रीय विमान पकडणार असाल तर गोव्याहून जाणारं विमान कुठे उतरतं ते बघा, टर्मिनल एक की दोन, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. झोपलेलं मूल, बॅगा, स्ट्रोलर घेऊन टर्मिनल बदलायला वेळ लागतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच बुकिंगमध्ये असतील तर पहिलं लेट झाल्यावर पुढची सोय कंपनी बघते, वेगवेगळी काढली असतील तर तो भार तुमच्यावर. पावसाळ्यात तर हे शंभर टक्के पाळा. ट्रेनने मुंबईला जाणार असाल तर एक दिवस आधी पोहोचून रात्री तिथे झोपा, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल हळू असतं.

दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी सीट नसते, ते मांडीवर, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांत त्याचं भाडं मोठ्यांच्या साधारण १० टक्के आणि वर टॅक्स. एका मोठ्या माणसामागे मांडीवर एकच बाळ. जाताना बाळ दोन वर्षांचं झालेलं नाही पण येईपर्यंत होणार, अशी वेळ असेल तर येतानाची सीट घ्यावी लागते, तिकीट काढतानाच जन्मतारीख नीट सांगा.

लांबच्या विमानात बॅसिनेट मिळतं, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवलेला छोटा पाळणा. त्याला वजनाची मर्यादा असते, साधारण १० ते ११ किलो, आणि संख्या मोजकी, म्हणून तिकीट काढल्याच्या दिवशीच फोन करून मागा. विमान हलायला लागलं की बाळाला त्यातून उचलून मांडीवर बेल्ट लावून घ्यावं लागतं, म्हणजे बॅसिनेट मिळालं तरी रात्रभर झोप होईलच असं धरू नका. पैशाची सोय असेल तर दीड वर्षांवरच्या चुळबुळ्या मुलाला लांबच्या प्रवासात वेगळी सीट घ्याच असं माझं स्पष्ट मत आहे, आठ-नऊ तास मांडीवर तेही बसत नाही आणि आपणही दुसऱ्या दिवशी उभे राहत नाही. मस्कत-दुबईच्या तीन-साडेतीन तासांना मांडी पुरते.

जेवण २४ तासांहून आधी सांगा. शाकाहारी हवं असेल तर 'हिंदू मील' मागू नका, त्यात मटण, चिकन, मासे येऊ शकतात. 'एशियन व्हेजिटेरियन' असं मागा.

डॉक्टरकडे एक चक्कर

निघायच्या चार ते सहा आठवडे आधी मुलाच्या डॉक्टरला देशाचं नाव आणि तारखा सांगा. गोवराची लस हा पहिला प्रश्न. आपल्याकडे ती ९ महिन्यांनंतर देतात, पण परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला ती लवकर द्यावी असा सल्ला काही देशांत दिला जातो, अशी लवकर दिलेली लस जादाची धरतात आणि नेहमीचे डोस नंतर द्यावेच लागतात. तुमच्या बाळाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतील. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांना यलो फीव्हरची लस लागते, ती ९ महिन्यांनंतर देतात, आणि सर्टिफिकेट लस दिल्यावर १० दिवसांनी लागू होतं. गोव्यात त्यासाठी मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात चौकशी करा.

आता औषधं. तापाचं पॅरासिटामॉल इथूनच न्या, आणि बाटलीवरचं प्रमाण वाचायला शिका. आपल्याकडच्या ड्रॉप्समध्ये साधारण एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा २५०, अमेरिकेतल्या सिरपमध्ये पाच मिलीत १६०. म्हणजे "आम्ही एक चमचा देतो" हे वाक्य परदेशात उपयोगाचं नाही, उलट घातक आहे. डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. डॉक्टरकडून बाळाचं आत्ताचं वजन आणि मिलिग्रॅममधला डोस लिहून घ्या, औषधाच्या ब्रँडबरोबर त्यातल्या घटकाचं नाव पण लिहून मागा, तिथल्या फार्मसीला आपला ब्रँड कळत नाही.

बरोबर ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, नाकात घालायचे सलाईन ड्रॉप्स, रॅशचं क्रीम, आणि नेहमी चालू असलेलं औषध असेल तर ते सगळ्या दिवसांना पुरून वर आठवडाभराचं जास्त. मूळ बाटलीत, प्रिस्क्रिप्शनसकट. खोकल्या-सर्दीच्या औषधांबद्दल सावध राहा. त्यातल्या काहींत असणाऱ्या कोडिनवर यूएईत कडक बंधन आहे, स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. आणि आपल्याकडेच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं बजावलंय. घरातली जुनी बाटली उचलून बॅगेत टाकू नका.

"विमानात झोपावं म्हणून थोडं सर्दीचं औषध पाज" असा सल्ला तुम्हाला मिळेलच. नाही पाजायचं. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी उलट खवळतात, आणि डोस चुकला तर श्वासावर परिणाम होऊ शकतो, तेही हजारो फुटांवर, जिथे डॉक्टर नाही.

खाणं आणि बॅग

मुलाचं खाणं हा माझा आवडीचा विषय. सहा महिन्यांवरच्या बाळाला जे घरी पचतं तेच पहिले दोन दिवस द्या, नवीन चवी नंतर. भाजून दळलेलं नाचणीचं पीठ तिझणासाठी (नाचणीची लापशी), तांदळाची कणी पेजेसाठी, मूगडाळ-तांदूळ भाजून केलेली भरड, हे सगळं छोट्या पाकिटांत, वर नाव नि तारीख लिहून. हॉटेलच्या खोलीत किटली असली तरी त्यात पेज शिजत नाही, म्हणून गरम पाण्यात पाच मिनिटांत होईल असंच न्या. एक छोटा इलेक्ट्रिक कुकर नेणं मला पटतं, पण हॉटेलला आधी विचारून, आणि प्लगचा अ‍ॅडॉप्टर घेऊन.

काय न्यायचं नाही ते पण बघा. सुकं खोबरं विमानाच्या चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं म्हणून ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. खसखस यूएई आणि सिंगापूरमध्ये बेकायदा आहे, तेव्हा आजीने प्रेमाने दिलेले अनारसेसुद्धा घरीच ठेवायचे. युरोपियन युनियनमध्ये भारतातून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर बाद. बाळाचं पावडर दूध आणि बेबी फूड मात्र २ किलोपर्यंत चालतं, कंपनीच्या सीलबंद डब्यात, फ्रिज न लागणारं. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा, जाहीर केलं तर फार तर ती वस्तू काढून घेतील, लपवलं तर दंड.

केबिन बॅगेत लंगोटांचा हिशोब असा: घरातून निघाल्यापासून मुक्कामाच्या जागी पोहोचेपर्यंत दर दोन तासांना एक डायपर, आणि वर चार-पाच. बाळाचे दोन जोड कपडे, आणि आई-बाबांचाही एकेक जोड, ओकारी आपल्याच अंगावर होते. ओले कपडे ठेवायला झिपच्या पिशव्या. पातळ पण लोकरीचा एक थर, गोव्यातल्या मुलांना सुक्या थंड हवेची सवय नसते, विमानातच त्यांचं नाक कोरडं पडतं, ओठ फुटतात. चांदीचे वाळे, करदोटा, सोन्याची बिंदली घरी. सिक्युरिटीला डिटेक्टर वाजला की कपडे वर करून बघतात आणि मूल रडायला लागतं, आणि परतताना सोन्याबद्दल प्रश्न होतील ते वेगळं.

विमानतळावर आणि विमानात

केबिन बॅगेत शंभर मिलीहून मोठ्या बाटलीत पातळ पदार्थ न्यायचा नाही हा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरता लागू नसतो, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. थर्मास रिकामा न्या आणि आत गेल्यावर गरम पाणी भरून घ्या. पावडर दूध कालवायचं पाणी निदान ७० अंश गरम असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मग थंड करून पाजायचं, आणि केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाकायचं. विमानात बाटलीबंद पाणीच मागा. अंगावर पाजणाऱ्या आईला हे काहीच लागत नाही, तिने फक्त स्वतः भरपूर पाणी प्यावं आणि पुढून उघडणारा कपडा घालावा.

सिक्युरिटीला स्ट्रोलर घडी करून मशिनीतून जातो आणि बाळाला कडेवर घ्यावं लागतं, कॅरिअरमध्ये असेल तरी बाहेर काढायला सांगतात. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेता येतो, पण उतरल्यावर तो दारात मिळणार की बॅगांच्या बेल्टवर ते टॅग लावतानाच विचारा. मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं असेल आणि स्ट्रोलर बेल्टवर गेला असेल तर झोपलेलं मूल उचलून चालत बसावं लागेल. यासाठी एक कापडी कॅरिअर हवंच.

कान दुखणं हे रडण्याचं मोठं कारण. विमान वर जाताना आणि खास करून खाली येताना बाहेरचा दाब बदलतो, कानाच्या आतून घशाकडे जाणारी बारीक नळी मुलांमध्ये अजून अरुंद असते, ती गिळताना उघडते. म्हणून त्या वेळी गिळत राहायला हवं, अंगावर पाजा, बाटली द्या, मोठ्या मुलाला स्ट्रॉने पाणी. उतरायला सुरुवात चाकं टेकायच्या अर्धा तास आधीच होते, तेव्हा मूल झोपलेलं असेल आणि उठून कळवळायला लागलं तर लगेच दूध द्या. आधीपासून कान दुखत असेल किंवा खूप सर्दी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला कान दाखवा.

खेळणी नवीन आणि बिनआवाजाची न्या, एकदम सगळी काढू नका, तासाला एक. चालणाऱ्या मुलाला बसायच्या आधी विमानतळावर पळू द्या, दमू द्या. आजूबाजूचे लोक वैतागतील म्हणून आई-बाबा इतके घाबरलेले असतात की ती भीती मुलालाच कळते. मूल रडलं तर रडलं, त्याला उचला, फिरवा, गाणं म्हणा.

तिकडे पोहोचल्यावर

गाडीत बसवायची सीट, हा विषय आपण इथे गांभीर्याने घेत नाही आणि तिकडे तो कायदा असतो. यूएईत ४ वर्षांपर्यंतच्या मुलाला चाइल्ड सीट बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर, टॅक्सीला सूट आहे पण ओळखीच्या माणसाच्या गाडीला नाही. म्हणजे विमानतळावर घ्यायला येणाऱ्या काकांना आधीच सांगा की सीट बसवून या. आणि कायद्यात सूट असली तरी मांडीवरचं मूल धडकेत हातात राहत नाही, तेव्हा सीट मागाच.

जेट लॅग, म्हणजे घड्याळ बदलल्याने झोप बिघडणं. मस्कत-दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, आठवड्यासाठी जाणार असाल तर मुलाचं वेळापत्रक गोव्याचंच चालू द्या, ते लवकर झोपेल नि लवकर उठेल, बिघडलं काय? सिंगापूर अडीच तास पुढे, तिथेही थोडं पुढे-मागे करून भागतं. लंडन आणि लिस्बन मात्र उन्हाळ्यात साडेचार, थंडीत साडेपाच तास मागे. तिथे मूल पहाटे तीनला टक्क जागं होतं. दिवा मंद ठेवा, मोबाइल दाखवू नका, दूध द्या, हळू बोला, आणि उजाडल्यावर लगेच बाहेर उन्हात न्या. दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नका. पहिल्या दोन दिवसांत कुठलीही महागडी तिकिटं काढून ठेवू नका, बागेत जा, पाळणे खेळू द्या.

रोज सकाळी हॉटेलमधून निघताना मुलाचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. हरवलं तर काय घातलं होतं ते आठवत बसायला नको. खिशात एक कागद, त्यावर तिथला चालू फोन नंबर आणि हॉटेलचं नाव, मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं कुठे लिहू नका. बोलणाऱ्या मुलाला शिकवा की आई दिसेनाशी झाली तर जागचं हलायचं नाही, आणि लहान मूल बरोबर असलेल्या बाईला किंवा युनिफॉर्मवाल्याला सांगायचं. इमर्जन्सी नंबर फोनमध्ये घाला: युरोपात ११२, ब्रिटनला ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, सिंगापूरला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९५, यूएईत अ‍ॅम्ब्युलन्स ९९८ आणि पोलीस ९९९.

मूल आजारी पडलं तर इन्शुरन्सवाल्यांना आधी फोन, हॉस्पिटल तेच सांगतात, नाहीतर बिल आपल्याला भरावं लागतं आणि मागाहून भांडावं लागतं. पण तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, श्वास घ्यायला त्रास, सहा-आठ तास लघवी नाही, फिट, उठवूनही नीट न उठणं, यातलं काही दिसलं तर फोन वगैरे नंतर, सरळ इमर्जन्सीत जा.

परत आल्यावरही पुढच्या काही आठवड्यांत मुलाला ताप आला किंवा जुलाब थांबेनात तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही अमुक देशात होतो, अमुक तारखेला आलो, वाटेत अमुक ठिकाणी विमान बदललं. बोर्डिंग पास तोवर फेकू नका, तारखा त्यावर असतात.